आधी जमीन, मग पाणसळ

टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करून किंवा भाड्याचा कॅम्पर घेऊन यवतमाळ जिल्ह्यात येणारी कुटुंबं बहुधा टिपेश्वरसाठी येतात. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य पांढरकवड्याच्या परिसरात आहे. सफारी पहाटे सुटते, म्हणून आदल्या रात्री जवळपास मुक्काम करावा लागतो. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यात कॅराव्हॅन पार्कचाही विचार केला. पण इथे बहुतेकांची गाडी आजही रिसॉर्टच्या आवारात, धाब्याच्या मागे, देवळाच्या मैदानात किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात लागते. तिथे गाडी सपाट उभी करण्याचं काम तुमचं तुम्हालाच करायचं असतं.

हे काम शिकवणारी बहुतेक माहिती परदेशातल्या पक्क्या तळांवरची असते. पाणसळ ठेवा, चाकाखाली फळी घाला, बुडबुडा मध्ये आला की झालं, असं ती सांगते. आपल्याकडे खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. संध्याकाळी मध्ये आलेला बुडबुडा पहाटेपर्यंत तिथेच राहील का? कापसाची काळी माती तो राहू देईलच असं नाही. म्हणून या जिल्ह्यात गाडी सपाट करण्याचं निम्मं काम फळ्या बाहेर काढण्याआधी, जागा निवडतानाच होतं.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक आहे, कॅम्परवाल्यानेही तो समजून घ्यावा. तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून ती दगडासारखी टणक वाटते, पण चाक भेगेच्या कडेवर आलं की कड ढासळते. पावसाळ्यात याच्या उलट घडतं. तासाभराच्या सरीनंतर ती चाकाला चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि गाडी जागच्या जागी फिरून रुतत जाते. हिवाळ्यात ती सर्वांत भरवशाची दिसते आणि तेव्हाच अनेकजण फसतात, कारण शेजारच्या हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी देणं सुरू असतं. शेतीपंपाची लाईन अनेक भागांत रात्री येते आणि शेतकऱ्याला ओलितही रात्रीच करावं लागतं. तुम्ही झोपलेले असताना पाणी धुऱ्याखालून पाझरून एका बाजूच्या चाकांखाली आलं, तर सकाळी गाडी त्या कुशीवर कललेली असेल. वावरात थांबणार असाल तर मालकाला सरळ विचारा : “दादा, आज रात्री लाईन आहे का? पाणी कोणत्या अंगाने सोडणार?”

जागा निवडताना पहिली पसंती मुरमाला द्या. मुरमाड किंवा बरड जमीन पिकाला हलकी असली तरी गाडीला भारी असते. पाणी तिच्यातून उतरून जातं आणि चाक बसत नाही. पांदण रस्त्याच्या कडेला, खळ्याच्या जागेवर किंवा विहिरीसाठी काढलेला मुरूम पसरलेला असेल तिथे अशी पट्टी सापडते. खात्री करायला फार काही लागत नाही. सब्बल किंवा तंबूची लोखंडी खुंटी हाताच्या जोराने दाबून पाहा. बोटभर जाऊन थांबली तर ठीक. वीतभर सहज गेली तर तिथे गाडी नेऊ नका. मातीचा गोळा वळून पाहणं हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. गोळा फुटला तर मुरूम-वाळू जास्त. लांबट वळी होऊन बोटाला चिकटली तर ती चिकण, आणि रात्री आभाळ आलं तर तुमची अडचण होणार.

कापूस निघालेल्या वावरात आणखी एक धोका आहे. पऱ्हाटी कापून नेल्यावर खाली तिरपे, टोकदार खुंट उरतात; तुरीचं धसकटही तसंच. ते टायरच्या बाजूच्या नाजूक भिंतीत घुसतं आणि तिथलं पंक्चर नीट निघत नाही. अशा वावरात गाडी घालायचीच नाही, मग जमीन कितीही सपाट दिसो.

बाजार समितीचं आवार, जिनिंगचं मोठं अंगण, राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे धाबे आणि पेट्रोल पंप इथे परवानगी मिळाली तर जमिनीची चिंता मिटते. जिनिंगच्या आवारात मात्र शेगडी पेटवू नका. कापसाच्या दिवसांत तिथे सगळीकडे सरकीचे तंतू उडत असतात आणि ठिणगी पडली तर गंजीच्या गंजी पेटतात. सिमेंटचं अंगणही पूर्ण सपाट नसतं, हेही लक्षात असू द्या. पाणी वाहून जावं म्हणून त्याला शंभराला दोन असा उतार दिलेला असू शकतो, म्हणजे एक अंशाहून थोडा जास्त. डोळ्याला तो दिसत नाही, पण झोपल्यावर पाठीला कळतो.

नाल्याच्या पात्रात, पुलाच्या खालच्या अंगाला किंवा पैनगंगेच्या काठच्या मोहक वाळूत मुक्काम नको, मग महिना कोणताही असो. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर पाठवावी लागली होती. सहस्रकुंडच्या धबधब्यावर जाणाऱ्यांनीही गाडी उंचावर, रस्त्याच्या बाजूला ठेवावी. जंगलाच्या काठच्या एकट्या वावरातही थांबू नका. पांढरकवडा–राळेगाव पट्ट्यात वाघ अभयारण्याच्या बाहेर, शेतांतूनही फिरतात. २०१८ मध्ये अवनी वाघीण मारली गेली ती याच पट्ट्यात आणि त्याआधी इथल्या गावांनी माणसं गमावली होती. फळ्या लावायला अंधारात खाली वाकलेला माणूस अशा ठिकाणी असू नये. उजेडात पोहोचा, वस्तीत किंवा कुंपणाच्या आत थांबा.

जागा ठरली की आधी गाडी वळवून पाहा. पुष्कळदा फळीची गरजच उरत नाही. उतार कुठून कुठे आहे ते पाहायचं आणि पलंग गाडीत कसा आहे ते आठवायचं. पलंग लांबीच्या दिशेने असेल तर उतार गाडीच्या लांबीवर घ्या आणि डोक्याची बाजू वर ठेवा. थोडा चढ डोक्याकडे असला तर झोपेला बाधा येत नाही. पाय वर आणि डोकं खाली असलं तर सकाळी डोकं जड होतं. पलंग आडवा असेल तर हाच हिशेब रुंदीला लावायचा. कुशीवर घरंगळवणारा उतार सर्वांत त्रासदायक, तो आधी मारायचा. याच वेळी उद्या बाहेर कसं निघायचं तेही ठरवा. आपल्याकडचे बहुतेक कॅम्पर मागच्या चाकांच्या ओढीवर चालतात, म्हणून मागची चाकं पक्क्या मुरमावर आणि तोंड रस्त्याकडे अशी गाडी उभी करा. रात्री पाऊस आला तरी सकाळी तुम्ही अडकणार नाही.

आता पाणसळ. गवंड्याकडची फूटभर लांबीची पाणसळ हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि ती मोबाईलमधल्या ॲपपेक्षा भरवशाची आहे, कारण बहुतेक फोनची पाठ कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे सपाट बसत नाही. पाणसळ ठेवायची कुठे, यावर लोक फारसा विचार करत नाहीत. स्वयंपाकाचा ओटा किंवा डॅशबोर्ड हे गाडी बांधताना सुताराने बसवलेले भाग आहेत. ते पलंगाशी समांतर असतीलच असं नाही. सपाटी तुम्हाला पलंगावर हवी आहे, म्हणून गादी उचलून पलंगाच्या फळीवर एकदा उभी आणि एकदा आडवी पाणसळ धरा. घरी असताना एक दिवस गाडी अशी सपाट करून, त्याच स्थितीत चालकाच्या नजरेसमोर आणि दाराजवळ दोन लहान पाणसळी चिकटवून टाका. नंतर प्रत्येक मुक्कामी चढउतर करावी लागणार नाही. ओलसर जागेवर चाकांची उंची ताडायची असेल तर गवंड्याची पारदर्शक नळी वापरा. नळीत पाणी भरून दोन टोकं दोन चाकांशी धरली की उंचीतला फरक मिलिमीटरमध्ये कळतो.

चाक किती उचलायचं हे अंदाजाने ठरवू नका, हिशेब सोपा आहे. दोन चाकांमधल्या अंतराला कलाच्या अंशांनी गुणायचं आणि ५७ ने भागायचं. डाव्या-उजव्या चाकांमध्ये सुमारे १७०० मिलिमीटर अंतर असेल आणि गाडी अडीच अंश कललेली असेल तर उत्तर ७५ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे दीड इंच जाडीच्या दोन फळ्या. लांबीच्या दिशेला पुढच्या-मागच्या चाकांत ३३५० मिलिमीटर अंतर असेल तर एका अंशालाच ५९ मिलिमीटर लागतात. म्हणून लांबीचा मोठा उतार फळ्यांनी मारण्याचा हट्ट धरू नये. तिथे जागा बदलणंच शहाणपणाचं.

फळ्या आरा मशीनवरून करून घ्याव्यात असं माझं मत आहे. प्लॅस्टिकचे तयार रॅम्प पक्क्या जमिनीवर छान काम देतात, पण त्यांचा तळ अरुंद असतो. दीड इंच जाड, दहा इंच रुंद, आणि तीन फूट, दोन फूट, एक फूट अशा लांबीचे बाभळीचे किंवा इतर कठीण लाकडाचे तुकडे घेतले की एकावर एक ठेवून पायऱ्या होतात आणि चाक सहज चढतं. प्रत्येक फळीला भोक पाडून दोरी बांधा. चिखलात दाबली गेलेली फळी दोरीशिवाय निघत नाही. विटा कधीही वापरू नयेत. भट्टीची वीट भिंतीत सगळ्या अंगांनी दाबली गेली की टिकते, पण चाकाखाली एका कडेवर भार आला की फुटते. शेतातले सुटे दगडही नकोत, ते घसरतात.

फळी चाक उचलते हे तर दिसतंच, काळ्या मातीत तिचं मोठं काम भार पसरवण्याचं आहे. ५० पीएसआय हवा असलेलं आणि ९०० किलो भार घेणारं चाक जमिनीला टेकतं ते जेमतेम २६० चौरस सेंटिमीटरवर. त्याखाली दहा इंच रुंद आणि दोन फूट लांब फळी घातली की तोच भार सुमारे १५०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो, जमिनीवरचा दाब सहाव्या हिश्शावर येतो. म्हणून मऊ जमिनीवर फक्त खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून भागत नाही. चारही चाकांखाली एकेक फळी घाला आणि मग खालच्या बाजूला जास्तीच्या रचा. नाहीतर एक बाजू फळीवर आणि दुसरी मातीत, असं झालं की मातीतली बाजू रात्रभर बसत राहते.

चढवण्याची पद्धत अशी. पाण्याची टाकी आधी भरा, सामान जागेवर लावा; शंभर लिटर पाणी म्हणजे एका कुशीला शंभर किलो, ते नंतर भरलं तर सगळं गणित बदलतं. फळ्या चाकाला चिकटवून ठेवा. चालकाने पहिल्या गिअरमध्ये, क्लच न जाळता हळू चढायचं. बाहेरून खूण करणाऱ्याने बाजूला उभं राहावं, चाकाच्या पुढे किंवा मागे कधीच नाही, कारण फिरणारं चाक सुटी फळी जोरात मागे फेकतं. चाक फळीच्या मध्यावर आलं की हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि उताराच्या अंगाने दोन्ही बाजूंच्या चाकांना लाकडी ठोकळे. मगच आत जाऊन पाणसळ पाहा. मागे जोडचाकं असतील तर दोन्ही टायर फळीवर पूर्ण बसले पाहिजेत. एकच टायर भार घेत असेल तर तो बिघडतो. आधी डावं-उजवं सपाट करा आणि नंतर पुढचं-मागचं. ओढायचा कॅराव्हॅन असेल तर डावं-उजवं झाल्यावर ठोकळे लावूनच तो गाडीपासून सोडवायचा आणि पुढच्या लहान चाकाने उंची जुळवायची.

कोपऱ्यांचे पाय, ज्यांना स्टॅबिलायझर म्हणतात, ते गाडी हलू नये म्हणून असतात. त्यांनी गाडी उचलू नका, चौकट वाकते. जमिनीला घट्ट टेकले की थांबा आणि त्यांच्याखालीही फळीचा तुकडा ठेवा. बॉटल जॅक टायर बदलायला आहे. त्याच्यावर गाडी पेलून ठेवून झोपणं किंवा खाली शिरणं हा जिवाशी खेळ आहे. मागची चाकं जमिनीवरून सुटली की अनेक गाड्यांत हँडब्रेकचा काहीच उपयोग राहत नाही. सपाटीसाठी टायरमधली हवा काढणंही चुकीचं आहे, सकाळी ती भरायला पंप जवळ नसतो.

मुरमावर फळ्या कमी पडल्या तर दुसरा मार्ग आहे. खालचं चाक उचलण्याऐवजी वरच्या चाकाखाली कुदळीने दोन-तीन इंच उकरा. जमीन ज्याची त्याला विचारून, आणि फक्त मुरमात. काळ्या मातीत असा खड्डा केला तर पहिल्या सरीत तो डबकं होईल आणि चाक त्यातच बसेल.

किती सपाट म्हणजे पुरे? बुडबुडा मधल्या दोन रेघांना स्पर्श करत असेल तर माणसाला पुरतं. पूर्ण मध्यात आणण्यासाठी अंधार पडेपर्यंत झगडू नये. परीक्षा घ्यायची तर शेगडीवर परातीत बोटभर पाणी ठेवा. कड सगळीकडून सारखी भरलेली दिसली की कढईतलं तेल एका बाजूला येणार नाही. ही तेलाची बाब गंभीर आहे. कललेल्या शेगडीवर पुऱ्या तळणं म्हणजे भाजण्याला निमंत्रण. गॅसवर चालणारा अमोनियाचा फ्रिज असेल तर मात्र जास्त काटेकोर राहा. त्यातला द्रव उतारानेच फिरतो, कल साधारण तीन अंशांपुढे गेला की फ्रिज थंड करत नाही आणि बराच काळ तसाच चालला तर कायमचा निकामी होऊ शकतो. आपल्याकडच्या कॅम्परमध्ये बहुधा कॉम्प्रेसरचा फ्रिज असतो, त्याला एवढी भीती नाही. न्हाणीघराचा निचरा कोणत्या कोपऱ्यात आहे ते पाहा आणि उरलेला थोडा कल त्या बाजूला जाऊ द्या. बाहेर छत ताणलं असेल तर त्याचा एक कोपरा खाली बांधा, नाहीतर अवकाळीचं पाणी मध्ये साचून कापड फाटतं.

एवढं करूनही रात्रीत गाडी कलली तर कारण बहुतेक वेळा तुमचंच पाणी असतं. भांड्यांच्या सांडपाण्याची नळी चाकाजवळ सोडलेली असते, किंवा एसीचं पाणी रात्रभर एकाच जागी ठिबकतं आणि त्या चाकाखालची माती लोण्यासारखी होते. सांडपाणी बादलीत घ्या आणि एसीच्या नळीला लांब पाइप जोडून ते उताराच्या खालच्या अंगाला सोडा. झोपण्यापूर्वी एकदा पाणसळ पाहा आणि पाऊस आला तर पुन्हा एकदा.

सकाळी फळ्या काढताना हात थेट खाली घालू नका. रात्रीच्या उबेला फळीखाली विंचू येतो, हिवाळ्यात मण्यार किंवा घोणसही असू शकते. आधी काठीने फळी उलथवा, बूट आणि जाड हातमोजे घाला. गाडी रुतलीच असेल तर चाक फिरवत बसू नका, प्रत्येक फेरीला ते आणखी खाली जातं. फळ्या ओढीच्या चाकांपुढे सरकवा, टायरच्या खाचांतली माती सब्बलीने काढा आणि ऊन असेल तर दुपारपर्यंत थांबा. त्यानंतर ट्रॅक्टर. दोर कुठे अडकवायचा, ओढायचं हूक गाडीत कुठे ठेवलंय, हे घरूनच पाहून ठेवा. बंपरला दोर बांधला तर बंपरच हातात येईल.

आणि निघण्यापूर्वी एक काम करा. ओल्या काळ्या मातीत पडलेली चाकोरी वाळली की दगडासारखी होते, पुढच्या हंगामात वखर तिथे अडतो आणि पेरणी चुकते. तुमच्या एका रात्रीच्या झोपेची किंमत त्या शेतकऱ्याने भरू नये. कुदळ घेऊन चाकोऱ्या फोडा, माती सारखी करा, प्लॅस्टिकचा एक तुकडाही मागे ठेवू नका आणि धुऱ्यावरून निघताना मालकाला गाडी गेल्याचं कळवा. पुढच्या कॅम्परवाल्याला त्या गावात जागा मिळेल की नाही, हे तुम्ही कशी जमीन सोडून गेलात त्यावर ठरणार आहे.